कॉस्मिअर कुठून सुरू करावं? मालिकेचा वाचनक्रम लावताना काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रँडन सँडरसनचं 'कॉस्मिअर' (एकमेकांशी जोडलेल्या जगांत घडणारी त्याची पुस्तकं) वाचायला घ्यायचंय आणि 'द वे ऑफ किंग्ज' हातात आलंय. पण एक मित्र म्हणतो आधी 'मिस्टबॉर्न' वाच, दुसरा म्हणतो प्रकाशनाच्या वर्षांप्रमाणे जा, आणि तिसऱ्याने पाठवलेल्या यादीत सगळी पुस्तकं कथेतल्या काळाप्रमाणे लावलेली आहेत. त्यात मधेमधे २.५, ३.५ असले आकडे. मग खरा क्रम कुठला, आणि तो चुकला तर मजा जाते का?

आधी कामाचं उत्तर. 'द वे ऑफ किंग्ज' हातात असेल तर खुशाल सुरू करा, त्यासाठी आधीचं काहीही वाचलेलं लागत नाही. ते संपलं की 'वर्ड्स ऑफ रेडियन्स' घेण्याआधी 'वॉरब्रेकर' वाचा. आणि 'मिस्टबॉर्न'ची पहिली तीन पुस्तकं झाल्याशिवाय 'द अलॉय ऑफ लॉ'ला हात लावू नका. पहिल्या काही महिन्यांसाठी एवढं पुरेसं आहे. पुढचं सविस्तर लिहितोय ते अशासाठी, की कारणं कळली तर दुसऱ्या कुठल्याही मालिकेचा क्रम तुमचा तुम्हाला लावता येईल. खाली कुठलंही मोठं रहस्य फोडलेलं नाही.

तिन्ही मित्र आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. कथाकालाची यादी सांगते की त्या जगात आधी काय घडलं. प्रकाशनाची यादी सांगते की लेखकाने आधी काय लिहिलं. 'मिस्टबॉर्न'वाला मित्र सांगतोय की त्याच्या मते तुम्हाला काय लवकर आवडेल. तुम्हाला मात्र चौथीच माहिती हवी आहे: कुठलं पुस्तक वाचकाला काय काय आधीच ठाऊक आहे असं धरून चालतं. वाचनक्रम ठरतो तो यावर. दोन पुस्तकांमध्ये असं नातं असेल तर त्यांचा आपसातला क्रम पक्का, नसेल तर मोकळा. बहुतेक मोठ्या मालिकांत अशी पक्की नाती चार-सहाच निघतात आणि उरलेली पुस्तकं कुठेही बसतात. म्हणूनच जाणकारांच्या याद्या एकमेकांशी जुळत नाहीत. मोकळ्या पुस्तकांच्या जागा प्रत्येकाने आपल्या आवडीने भरलेल्या असतात, आणि यादी मात्र सगळीच सक्तीची असल्यासारखी दिसते.

आता ही नाती सगळी एका वजनाची नसतात. सर्वांत हलकं म्हणजे नुसती झलक. कॉस्मिअरमध्ये हॉइड नावाचा एक इसम जवळजवळ प्रत्येक पुस्तकात कुठेतरी डोकावतो. कधी भिकारी असतो, कधी गोष्ट सांगणारा. तो ओळखू आला तर गालातल्या गालात हसाल. नाही आला तर ते पान तरीही नीटच वाचलं जाईल. अशा झलकांसाठी क्रम बदलणं म्हणजे वेळ घालवणं.

त्यापेक्षा जड नातं म्हणजे उसनं आणलेलं पात्र किंवा वस्तू, जिचा पूर्वेतिहास दुसऱ्या पुस्तकात आहे. 'वॉरब्रेकर' २००९ चं. त्यातल्या काही गोष्टी २०१४ च्या 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'मध्ये येतात, तेही वेगळ्या ग्रहावर आणि काहीही न समजावता. 'वॉरब्रेकर' न वाचलेल्या वाचकाला तिथे एक विचित्र प्रसंग दिसतो. वाचलेल्याच्या अंगावर काटा येतो. गोष्ट समजायला दोघांनाही अडचण नाही, पण दुसऱ्याला जे मिळतं ते नंतर मिळवता येत नाही. म्हणून हे नातं मी सक्तीचं नाही, पण आग्रहाचं धरतो. 'वॉरब्रेकर' लेखकाने आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेलं आहे, तेव्हा ते टाळायला फारसं निमित्तही नाही.

तिसरं आणि सगळ्यात जड: एका पुस्तकाचा शेवट हा दुसऱ्याचा पाया असतो. 'द अलॉय ऑफ लॉ'ची कथा पहिल्या 'मिस्टबॉर्न' त्रयीनंतर साधारण तीनशे वर्षांनी घडते. त्रयीत ज्या प्रश्नासाठी तुम्ही रात्र जागवणार, त्याचं उत्तर इथे शाळकरी पोराला माहीत असलेला इतिहास आहे. ते सहज बोलता बोलता येतं, पहिल्या काही प्रकरणांतच. इथे क्रम चुकला तर खरंच नुकसान होतं. सक्तीची बंधनं म्हणायची ती एवढीच.

हे वजन डोक्यात ठेवलं की कथाकालाची यादी पहिल्या वाचनाला का चालत नाही हे पटकन दिसतं. पूर्वकथा काळाने आधीची असली तरी ती बहुधा मागाहून लिहिलेली असते, आणि ज्याने मूळ कथा वाचली आहे त्याच्याशी ती बोलत असते. सी. एस. लुइसच्या नार्नियाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० साली आलं. नार्नियाचा जन्म सांगणारं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५ साली, म्हणजे सातांपैकी सहावं. पुढे १९९४ मध्ये हार्परकॉलिन्सने कथाकालाप्रमाणे आकडे घालून 'नेफ्यू' पहिलं केलं, आणि तेव्हापासून वाद चालू आहे. पण 'द लायन'मध्ये अस्लानचं नाव पहिल्यांदा निघतं ती जागा उघडून बघा. निवेदक तिथे म्हणतो की अस्लान कोण हे या मुलांना तुमच्याइतकंच ठाऊक नव्हतं. म्हणजे वाचकाला ते ठाऊक नाही असं धरूनच ते वाक्य लिहिलंय. 'नेफ्यू' आधी वाचून आलेल्या मुलासमोर ते लंगडं पडतं. बर्फात मधोमध उभा असलेला दिव्याचा खांबही तसाच. 'नेफ्यू' आधी वाचलं की कोड्याच्या आधी उत्तर हातात पडतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. खुद्द लुइसने १९५७ मध्ये एका मुलाला लिहिलेल्या पत्रात कथाकालाच्या क्रमाला पसंती दिली होती, आणि त्याच पत्रात असंही म्हटलं की कुणी कुठल्या क्रमाने वाचतं याने कदाचित फारसा फरक पडत नाही. लेखकाचं मत महत्त्वाचं खरं, पण पुस्तक लिहिताना वाचकाला काय ठाऊक आहे असं धरलं होतं ते पानावर छापलेलं असतं. दोन्हींत फरक दिसला तर मी पानावर विश्वास ठेवतो.

'व्हील ऑफ टाइम'ची मुख्य चौदा पुस्तकं १९९० ते २०१३ दरम्यान आली. 'न्यू स्प्रिंग' ही त्यांची पूर्वकथा, पण ती २००४ ची, दहाव्या आणि अकराव्या खंडांच्या मधली. तिथल्या संस्था, पदव्या, शपथा वाचकाच्या अंगवळणी पडल्या आहेत असं धरूनच ती चालते. पहिलं म्हणून उघडलं तर नावांचा नुसता मारा होतो. पूर्वकथेबद्दल माझा ढोबळ नियम असा: ती प्रकाशित झाली त्या जागी वाचा, किंवा मुख्य मालिका संपल्यावर. सुरुवातीला ठेवायला सबळ कारण लागतं.

मग प्रकाशनक्रम डोळे झाकून घ्यावा का? बहुतेक वेळा त्याने घात होत नाही, कारण पहिल्या वाचकांनी पुस्तकं तशीच वाचली आणि लेखकालाही ते माहीत होतं. तरी तीन ठिकाणी तो फसतो.

पहिलं ठिकाण भाषांतराचं. सापकोव्स्कीच्या 'विचर'चे दोन कथासंग्रह पोलिश भाषेत १९९२ आणि १९९३ मध्ये आले, मग १९९४ ते १९९९ दरम्यान पाच कादंबऱ्या. इंग्रजीत मात्र 'द लास्ट विश' २००७ मध्ये आलं, पाठोपाठ २००८ मध्ये थेट पहिली कादंबरी 'ब्लड ऑफ एल्व्ह्ज', आणि दुसरा संग्रह 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' २०१५ मध्ये. इंग्रजीच्या वर्षांप्रमाणे वाचणाऱ्याला नायक गेराल्ट आणि सिरी ही मुलगी यांचं नातं कसं जुळलं हे कळायच्या आत ते जुळलेलंच भेटतं, आणि कादंबऱ्यांचा सगळा जीव त्या नात्यात आहे. मजा अशी की मूळ पोलिश वर्षंही सरळ नाहीत: 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' १९९२ चं, 'द लास्ट विश' १९९३ चं, पण 'द लास्ट विश'मधल्या कथा काळाने आधीच्या आहेत आणि तेच आधी वाचायचं. मग 'सोर्ड ऑफ डेस्टिनी', मग पाच कादंबऱ्या. २०१३ चं 'सीझन ऑफ स्टॉर्म्स' काळाने जुनं असलं तरी शेवटी. म्हणून वर्ष बघायचं ते मूळ भाषेतलं, आणि तेवढ्यावरही थांबायचं नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे लेखकाचं कच्चं पहिलं पुस्तक. टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड'मध्ये ४१ कादंबऱ्या आहेत, १९८३ ते २०१५. 'द कलर ऑफ मॅजिक' पहिली, पण प्रॅचेट तिथे अजून आपला सूर शोधत होता. तिच्यापासून सुरू करून दुसऱ्या पुस्तकात कंटाळलेले वाचक पुष्कळ असतात. या मालिकेत नाती उपमालिकांच्या आत आहेत, बाहेर जवळपास नाहीत. पहारेकऱ्यांची गोष्ट 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) पासून, मृत्यूची 'मॉर्ट' (१९८७) पासून, टिफनीची 'द वी फ्री मेन' (२००३) पासून. कुठलाही एक धागा धरा, पण त्या धाग्याच्या आत क्रम मोडू नका. आणि 'द शेफर्ड्स क्राउन' सगळ्यात शेवटी राहू द्या.

तिसरं ठिकाण कॉस्मिअरमध्येच आहे, आणि तुमच्या दुसऱ्या मित्राच्या यादीत ते नक्की असणार. वर्षं काटेकोर पाळायची तर 'द अलॉय ऑफ लॉ' (२०११) वाचून तुम्ही 'वर्ड्स ऑफ रेडियन्स' (२०१४) कडे जाणार, मग 'शॅडोज ऑफ सेल्फ' (२०१५) आणि 'द बँड्स ऑफ मोर्निंग' (२०१६) साठी परत, मग 'ओथब्रिंगर' (२०१७), मग २०२२ च्या 'द लॉस्ट मेटल'साठी पुन्हा मागे. पहिल्या वाचकांना पर्याय नव्हता, पुस्तकं तशीच येत होती. तुम्हाला आहे. हजार-हजार पानांच्या स्टॉर्मलाइटच्या (म्हणजे 'द वे ऑफ किंग्ज'ने सुरू होणाऱ्या मालिकेच्या) खंडांमध्ये दुसऱ्या जगाची नावं घुसली की दोन्हीकडची विसरली जातात. विसरभोळेपणा हा वाचनक्रमातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. हाती घेतलेली त्रयी अर्धवट सोडून दुसरीकडे जायचं नाही, हा नियम प्रकाशनाच्या वर्षापेक्षा मोठा मानावा.

'स्वतंत्र कादंबरी' या शिक्क्यावरही फार विसंबू नका. जो अॅबरक्रॉम्बीच्या 'फर्स्ट लॉ'ची त्रयी २००६ ते २००८ मधली. त्यानंतर २००९, २०११ आणि २०१२ मध्ये तीन स्वतंत्र म्हणवणाऱ्या कादंबऱ्या आल्या, आणि मग २०१९ पासून नवी त्रयी. मधल्या तिन्हींचं कथानक आपल्यापुरतं पूर्ण आहे, पण माणसं जुनी आहेत, त्यांच्या जखमा जुन्या आहेत, आणि पुढच्या त्रयीतली पिढी त्यांच्याच घरांतली आहे. 'स्वतंत्र' याचा अर्थ कथानक पूर्ण होतं एवढाच. ते कुठेही वाचावं असा त्याचा अर्थ होत नाही.

याच्या उलटी चूक म्हणजे नायक नाही म्हणून उपमालिका गाळणं. रॉबिन हॉबची 'रेल्म ऑफ द एल्डरलिंग्ज' सोळा पुस्तकांची: तीन, तीन, तीन, चार, तीन. पहिल्या त्रयीचा नायक फिट्झ. दुसरीत, म्हणजे 'लिव्हशिप ट्रेडर्स'मध्ये (१९९८ ते २०००), तो नाही. प्रदेश वेगळा, माणसं वेगळी. फिट्झच्या ओढीने लोक ती गाळून थेट तिसऱ्या त्रयीत शिरतात. तिथे दक्षिणेकडचे लोक येतात, ड्रॅगनांचा प्रश्न येतो, आणि एका पात्राबद्दल वाचकाला जे ठाऊक असतं ते फिट्झला नसतं. त्या प्रसंगांतला सगळा ताण याच फरकावर उभा आहे, आणि गाळणाऱ्याला तो जाणवतच नाही. इथे प्रकाशनक्रम जसाच्या तसा घ्यावा. शेवटच्या त्रयीआधीची 'रेन वाइल्ड्स'ची चार पुस्तकंही सोडू नयेत, ती थोडी संथ वाटली तरी.

एकाच काळात समांतर घडणारी पुस्तकं हा वेगळा प्रकार आहे. जॉर्ज मार्टिनची 'अ फीस्ट फॉर क्रोज' (२००५) आणि 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' (२०११) यांत काळ बराचसा एकच आहे. पात्रं प्रदेशानुसार वाटली आहेत. सारा मासच्या 'एम्पायर ऑफ स्टॉर्म्स' (२०१६) आणि 'टॉवर ऑफ डॉन' (२०१७) यांचंही तसंच. दोन्हींसाठी प्रकरणं एकाआड एक लावलेले तक्ते वाचकांनी केलेले आहेत. पहिल्यांदा वाचताना मी ते सुचवत नाही. प्रत्येक पुस्तकाची स्वतःची चढण असते, आणि दर दोन प्रकरणांनी दुसरं पुस्तक उघडलं की दोन्ही चढणी सपाट होतात. अपवाद एकच: 'एम्पायर ऑफ स्टॉर्म्स'चा शेवट तुम्हाला अशा ठिकाणी सोडतो की 'टॉवर ऑफ डॉन'मधल्या वेगळ्या माणसांत लक्ष लागत नाही, आणि पुष्कळ जण ते गाळून 'किंगडम ऑफ ॲश'कडे पळतात. तिथे मग अडतं, कारण 'टॉवर ऑफ डॉन'मध्ये कळलेल्या गोष्टी शेवटच्या पुस्तकाला लागतात. आपण गाळणार हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याने एकाआड एक वाचलेलं बरं.

आता स्वतः क्रम लावायचा कसा. एक कागद घ्या आणि प्रत्येक पुस्तकापुढे चार गोष्टी लिहा: मूळ भाषेतलं पहिलं प्रकाशन वर्ष, प्रकार (कादंबरी, दीर्घकथा की संग्रह), ते काय मागतं, आणि ते कशाचा शेवट फोडतं. 'वॉरब्रेकर'ची ओळ होईल: २००९, कादंबरी, मागत काही नाही, फोडत काही नाही. 'द अलॉय ऑफ लॉ'ची: २०११, कादंबरी, पहिली त्रयी मागते, तिचा शेवट फोडते. शेवटचा रकाना भरलेला असेल तिथे बाण काढा. बाण संपले की क्रमाचा सांगाडा तयार. मधल्या मोकळ्या जागांत उरलेली पुस्तकं तुमच्या मूडप्रमाणे घाला.

माहिती कुठून काढायची हा यातला नाजूक भाग. वर्ष पुस्तकाच्या प्रकाशन तपशिलाच्या पानावर असतं, पण तिथे आवृत्तीचं वर्षही असतं, तेव्हा सर्वांत जुनं घ्या. 'याच लेखकाची इतर पुस्तकं' या पानावर उपमालिका बहुतेकदा गटागटाने छापलेल्या असतात. लेखकाच्या संकेतस्थळावर वाचनक्रमाचं पान असलं तर ते सहसा बिनधोक. चाहत्यांनी चालवलेले विकी मात्र पहिल्या वाचनात उघडूच नका. तिथे पात्राच्या पानावरचं पहिलंच वाक्य भूतकाळात असतं, आणि तेवढ्यानेच काम होतं. शोधखिडकीत पात्राचं नाव टाइप करणंही तसंच, पुढचा शब्द ती स्वतःच सुचवते. पुढच्या खंडाचं मलपृष्ठ वाचू नका. स्टॉर्मलाइटच्या खंडांच्या शेवटी 'आर्स आर्केनम' नावाची जादूची टिपणं आहेत, ती खंड संपल्यावरच बघा.

दशांशातले आकडे म्हणजे दीर्घकथेची कथाकालातली जागा. २.५ म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांच्या मधली. ती वाचायचीही तिथेच असं मात्र नेहमी नसतं. स्टॉर्मलाइटमध्ये आकडे खरे आहेत: 'एजडान्सर' दुसऱ्यानंतर, 'डॉनशार्ड' तिसऱ्यानंतर. गाळलं तर पुढच्या खंडात एखादं पात्र वेगळ्याच जागी आणि वेगळ्याच अवस्थेत भेटतं, आणि तुम्ही मागची पानं चाळत बसता. 'मिस्टबॉर्न: सीक्रेट हिस्टरी'ची गोष्ट निराळी. ती पहिल्या त्रयीच्या काळातली आहे, पण २०१६ मध्ये 'द बँड्स ऑफ मोर्निंग'च्या पाठोपाठ आली आणि त्यानंतरच वाचायची आहे. काळ बघून त्रयीच्या मधे घातलीत तर त्रयीच संपेल.

संग्रहांचा सापळा याच्याशी जोडलेला आहे. 'अर्केनम अनबाउंडेड' (२०१६) या जाड संग्रहात 'सीक्रेट हिस्टरी', 'एजडान्सर', 'द एम्परर्स सोल' असं सगळं एकत्र बांधलंय. विकत घ्या, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू नका. अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने खुणा करा, कुठली कथा कशानंतर, आणि त्या त्या वेळी ते उघडा. खरेदीतली आणखी एक अडचण: काही जाड खंड ब्रिटिश पेपरबॅकमध्ये दोन भागांत निघतात. 'द वे ऑफ किंग्ज'चेही 'पार्ट वन' आणि 'पार्ट टू' आहेत. तुमच्या हातातल्या पुस्तकावर 'पार्ट वन' असेल तर पुढचं पुस्तक 'वर्ड्स ऑफ रेडियन्स' नाही, 'पार्ट टू' आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण 'द वे ऑफ किंग्ज' उघडल्यावर तो हमखास होतो. आधी एक प्रास्ताविक आहे, मुख्य कथेच्या साडेचार हजार वर्षं आधीचं. मग प्रोलॉग वेगळ्याच माणसाच्या नजरेतून. मग पहिलं प्रकरण तिसऱ्याच्या. कुणीच कुणाला ओळखत नाही, शब्दही नवे. वाचकाला वाटतं, आपण काहीतरी आधीचं चुकवलंय. चुकवलेलं काही नसतं. तो गोंधळ लेखकाने मुद्दाम ठेवला आहे आणि हळूहळू निवळतो. क्रम चुकल्याचा गोंधळ वेगळा दिसतो: पात्रं एखाद्या प्रसंगाबद्दल, एखाद्या मेलेल्या माणसाबद्दल अशा सुरात बोलतात की तुम्हाला ते माहीतच आहे, आणि पुढेही कधी उलगडा होत नाही. पहिल्या प्रकारात वाचत राहा, दुसऱ्यात थांबून कागद बघा.

यावरून तुमचा कागद असा होईल. 'द वे ऑफ किंग्ज', 'वॉरब्रेकर', 'वर्ड्स ऑफ रेडियन्स', 'एजडान्सर', 'ओथब्रिंगर', 'डॉनशार्ड'. इथे थांबून 'मिस्टबॉर्न'ची पहिली त्रयी, मग 'द अलॉय ऑफ लॉ'पासून 'द बँड्स ऑफ मोर्निंग'पर्यंत, मग 'सीक्रेट हिस्टरी'. त्यानंतर 'रिदम ऑफ वॉर' (२०२०), 'द लॉस्ट मेटल', 'विंड अँड ट्रुथ' (२०२४). मधली थांबण्याची जागा तिथेच का, तर 'रिदम ऑफ वॉर'पासून पुढे जगांमधले धागे उघड होत जातात आणि 'मिस्टबॉर्न' माहीत नसल्याचं जाणवू लागतं. 'द सनलिट मॅन' २०२३ चं, म्हणजे 'विंड अँड ट्रुथ'च्या आधी छापलेलं, पण त्याचा काळ पुढचा आणि नायक स्टॉर्मलाइटमधून आलेला. नव्या वाचकाने ते 'विंड अँड ट्रुथ'नंतरच घ्यावं. 'एलांट्रिस' (२००५) 'द लॉस्ट मेटल'च्या आधी कुठेही. ते लेखकाचं पहिलं प्रकाशित पुस्तक आहे, हे लक्षात ठेवून थोडं सांभाळून घ्या.

'मिस्टबॉर्न'वाल्या मित्राचं म्हणणं तरीही चूक नाही. 'द फायनल एम्पायर' (२००६) 'द वे ऑफ किंग्ज'पेक्षा बरंच लहान आहे, वेगाने चालतं, आणि या लेखकाची जादू कशी काम करते ते लवकर शिकवतं. तुम्ही जाड पुस्तकांना सरावलेले नसाल, किंवा रोज अर्धा तासच मिळत असेल, तर तिथूनच सुरू करा आणि वरच्या यादीतला 'मिस्टबॉर्न'चा पहिला त्रयीचा तुकडा उचलून सुरुवातीला ठेवा. बाकी काही हलत नाही.

क्रम आधीच चुकला असेल तर? 'वॉरब्रेकर' उशिरा वाचलं तर काही बिघडत नाही, ओळख उलट्या बाजूने पटते. 'द अलॉय ऑफ लॉ' आधी वाचून झालं असेल तर त्याच्या पुढची 'मिस्टबॉर्न'ची पुस्तकं बाजूला ठेवा आणि त्रयी घ्या. काय होणार ते कळलेलं असलं तरी कसं होणार ते कळलेलं नसतं, आणि त्या त्रयीत 'कसं'ला बरंच वजन आहे. वाचलेलं पुन्हा वाचायची गरज नाही.

आणि 'द वे ऑफ किंग्ज' दोनशे पानांवर अडलं, तर ते सोडून देऊ नका आणि रेटूही नका. खूण घालून 'द एम्परर्स सोल' वाचा. ती दीर्घकथा आहे, एक-दोन बैठकांत संपते, २०१३ चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळालेला आहे. ती 'एलांट्रिस'च्या जगात घडते, पण 'एलांट्रिस' वाचलेलं लागत नाही. किंवा 'ट्रेस ऑफ द एमराल्ड सी' (२०२३) घ्या, जे हॉइड स्वतः सांगतो आणि जे कशाचाच शेवट फोडत नाही. या दोन्हींना कागदावर कुठलाच बाण लागत नाही, तेव्हा त्या कुठल्याही दोन प्रकरणांच्या मधे बसतात.